काचेत काय दिसलं

सरकारने मला स्वतःच्या खर्चाने दोन वर्षं इटलीला शिकायला पाठवलं, ही गोष्ट गोंदियाजवळच्या आमच्या मुर्री गावात अजून अभिमानाने सांगतात. घरात लग्न निघालं की मला मुद्दाम पुढे बसवतात आणि पाहुण्यांना सांगतात, हे आमचे काका, लढाईच्या आधी रेशमाच्या किड्यांचं शिक्षण घेऊन आले. पाहुणे माना डोलावतात, मी सुपारी कातरतो. तुम्हालाच का पाठवलं, असं आजवर कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी खरं सांगितलं नसतं. आता लिहितो आहे, कारण ज्यांनी मला त्यासाठी धरून हाणलं असतं ते बहुतेक गेले, आणि माझं धैर्य तेवढ्याच मापाचं आहे.

आमच्या जंगलात कोसा होतो. ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर अळ्या सोडतात, त्या पानं खाऊन कोंबडीच्या अंड्याएवढा टणक कोश विणतात आणि त्याच्या धाग्याचं कापड होतं, तेच ज्याला बाहेर टसर म्हणतात. हे काम पिढ्यान्‌पिढ्या ढिवर जातीच्या लोकांचं. त्या काळात कोशाला रोग लागून पिकंच्या पिकं बसायला लागली होती. म्हणून प्रांताच्या सरकारने तीन वर्षांचं अनुदान मंजूर केलं आणि नवेगाव बांधजवळच्या जंगलात एक संशोधन केंद्र काढलं. केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक पडवी, एक सूक्ष्मदर्शक, पन्नासेक झाडं आणि मी.

सरकार संशोधनाला पैसा देतं तेव्हा आधी एक कमिटी नेमतं, पैसा द्यावा की नाही हे ठरवायला. मग पैसा देतं. मग दुसरी कमिटी नेमतं, दिला ते बरं झालं की नाही हे पाहायला. या दोन कमिट्यांच्या मध्ये जे काही होतं त्याला संशोधन म्हणायचं. मी नागपूरहून बीएस्सी होऊन आलो होतो, त्यामुळे मला हे सगळं फार उदात्त वाटत असे.

सूक्ष्मदर्शकाबरोबर एक साहेबही आला, इटलीचा. आपल्याकडे शिकलेली माणसं असताना बाहेरचा कशाला, असं नागपुरात काही जण म्हणाले. मीही म्हणत असे, त्याच्या पाठीमागे. उंच, खांद्यात वाकलेला, घामाने कायम ओला असलेला माणूस. इंग्रजी माझ्यापेक्षा वाईट बोलायचा, म्हणून मला तो पहिल्याच दिवशी आवडला. काम मात्र राबणाऱ्या बैलासारखं करायचा आणि माझ्याकडूनही तसंच मागायचा. तिथे आमचं बिनसलं.

त्याचं शास्त्र अगदी साधं होतं. पतंगाची मादी अंडी घालून मोकळी झाली की तिला खलात थोड्या पाण्याबरोबर चेचायचं, त्यातला थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि पाहायचं. रोग असेल तर चकचकीत लांबट दाणे दिसतात. दिसले की तिची अंडी जाळून टाकायची. रोग आईकडून अंड्यात जातो आणि एका अळीच्या लेंडीतून दुसरीच्या पोटात जातो, म्हणून एकही मादी न पाहता सोडायची नाही. हे पाहण्याचं काम माझं होतं. गावचे लोक त्या यंत्राला नुसतं काच म्हणत.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या पिकाला कमिटी येणार होती. सरकारी बियाण्याचं, म्हणजे आम्ही तपासलेल्या अंड्यांचं, पीक गावकऱ्यांच्या पिकाहून सरस दिसलं तर अनुदान पुढे चालणार आणि एका हिंदी मदतनिसाला इटलीला शिकायला पाठवणार, असं लेखी आलं होतं. हिंदी मदतनीस मी एकटाच. मी मनातल्या मनात गरम कोट शिवून ठेवला होता.

तुलना करायची तर गावातल्या सगळ्यात चांगल्या माणसाशी करायची, असा साहेबाचा हट्ट. गावाने एका म्हाताऱ्या ढिवराकडे बोट दाखवलं. साहेबाने आमच्या झाडांना लागूनच त्याला तेवढीच झाडं दिली. त्याच्या घरात तो आणि त्याची सून, एवढी दोनच माणसं उरली होती. मुलगा दोन वर्षांपूर्वी साप चावून मेला. सुनेला मूलबाळ नाही. तिशीसुद्धा आली नव्हती तिची. म्हातारा तिला सून कधी म्हणत नसे, पोरी म्हणायचा.

कोशाला नेम असतो. झाडावर अळ्या चढल्या की उतरेपर्यंत पाळणाऱ्याने एक वेळ जेवायचं, तेही स्वतःच्या हाताने रांधून, मीठ-हळद न घालता. दाढी करायची नाही, डोक्याला तेल लावायचं नाही, खाटेवर निजायचं नाही. सुतकाच्या घरचा माणूस झाडाखाली येता कामा नये, आणि बाई तर कधीच नाही. घरात कोणी कोणाच्या जवळ जायचं नाही. अळी म्हणायचं नाही, देव म्हणायचं. मी या सगळ्याला हसत असे. साहेब हसत नसे. तो म्हणायचा, बाहेरचा माणूस बाहेर ठेवणं, हात स्वच्छ ठेवणं, रोज झाडाखालीच राहणं, यात हसण्यासारखं काय आहे? मी तेही हसण्यावारी नेलं.

या नेमाची दुसरी बाजू मात्र साहेबाला ठाऊक नव्हती, मला होती. पीक मेलं तर कोणाचा तरी नेम मोडला असा अर्थ निघतो. मग कोणाचा, ते शोधतात.

सुनेचं काम नेम सुरू होण्याआधीचं. बियाण्याचे कोश निवडायची ती. एकेक कोश कानाशी धरायची, मान जराशी तिरपी करून हलवायची, आणि डावीकडे किंवा उजवीकडे टाकायची. डावीकडचे वाईट. मी एकदा थट्टेत विचारलं, काय ऐकू येतं? ती म्हणाली, आजारी देव उशिरा हलतो. साहेबाने तिने डावीकडे टाकलेले कोश मागून घेतले, फोडून आतला जीव चेचून काचेखाली पाहिला. बहुतेक सगळ्यांत दाणे निघाले. उजवीकडच्यांत औषधालाही नाही. साहेब त्या दिवशी जेवला नाही. जातीच्या पंचांना बोलावून त्याने एकेकाला नळीतून पाहायला लावलं आणि मला सांगायला सांगितलं की काच आणि हिचा कान एकच सांगतात. पंच माना हलवत गेले. गावात तिचा भाव वाढला, आणि म्हातारा आठ दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला ती गोष्ट ऐकवत होता.

त्यानंतर साहेब चहा पिताना मला म्हणाला, "हिच्या झाडांचं पीक आपल्यापेक्षा चांगलं आलं तर मी सरकारला लिहिणार आहे. माणसं माझ्या देशात पाठवण्यावर पैसा घालवू नका. हिला पगार द्या, हिच्यासारख्या शोधून काढा, त्यांना इथेच काच शिकवा."

मी म्हटलं, फार चांगला विचार आहे. बशीत चहा सांडला तो पुसला. त्या दिवसापासून मला त्या बाईचा राग यायला लागला. तिने माझं काही केलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. कळल्याने राग कमी होत नाही.

शेवटच्या पिकाच्या माद्या पोळ्याच्या सुमाराला कोशांतून निघाल्या. म्हाताऱ्याच्या माद्या साहेबाने स्वतः तपासल्या, सगळ्या निरोगी, तशी वहीत नोंद केली. आमच्या माद्या माझ्याकडे होत्या. त्याच दिवसांत मी पोळ्याला म्हणून मुर्रीला गेलो आणि गोंदियात तंबूतला सिनेमा आला होता म्हणून तिथे आणखी तीन दिवस राहिलो. परत आलो तेव्हा कितीतरी माद्या पाहायच्या राहिल्या होत्या. अंडी फुटायची वेळ जवळ आली होती. मी वही घेतली आणि एका बैठकीत, एकाच शाईने, सगळ्यांपुढे निरोगी असं लिहून टाकलं. दोन वर्षं इतक्या माद्या पाहिल्या, आता काय होणार आहे, असं वाटलं. आळसाला मी तेव्हा अनुभव म्हणत असे.

दसऱ्याच्या आधी साहेबाला हिवतापाने धरलं. त्याला गाडीत घालून नागपूरच्या इस्पितळात पोहोचवलं. केंद्र माझ्या हवाली झालं. आणि त्याच आठवड्यात आमच्या अळ्यांच्या अंगावर काळ्या मिऱ्याची पूड उडाल्यासारखे ठिपके दिसायला लागले. खाणं सोडून त्या फांदीला नुसत्या लटकून राहिल्या. पलीकडे म्हाताऱ्याच्या झाडांवर हिरव्यागार, बोटाएवढ्या अळ्या पानं फस्त करत होत्या, त्यांच्या खाण्याचा आवाज येत होता.

कमिटीला यायला तीन आठवडे उरले होते. साहेब परत आला असता, एक थेंब पाहिला असता, वही उघडली असती, आणि मी उघडा पडलो असतो. इटली तर गेलीच असती, नोकरीही गेली असती. मी दोन दिवस विचार केला, असं लिहिलं तर बरं दिसेल. मी विचार केला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी म्हातारा त्याचं अळणी जेवण रांधायला घरी गेला, तेव्हा मी कोयती घेऊन त्याच्या झाडांत शिरलो.

झाडाची पानं संपली की अळ्यांसकट फांदी छाटून दुसऱ्या झाडाला नेऊन बांधतात. रोजचंच काम आहे ते. कोणी लांबून पाहिलं असतं तरी त्यात त्याला वावगं दिसलं नसतं. मी त्याच्या निरोगी फांद्या आमच्या झाडांवर आणल्या आणि आमच्या रोगट फांद्या त्याच्या झाडांवर नेल्या. मुद्दाम उंचावर बांधल्या, म्हणजे लेंडी खालच्या पानांवर पडावी. पाच दुपारी मी हे केलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्याला उंचावरचं दिसत नसे. आंबट चेहरा करून लिहीत नाही मी हे. हात अगदी सराईतासारखे चालत होते आणि आपल्याला हे जमतं आहे याचं मला बरं वाटत होतं.

दोन आठवड्यांत त्याचं पीक बसलं. अळ्या काळ्या पडून, डोकं खाली करून, ओल्या चिंधीसारख्या लोंबायला लागल्या. म्हातारा एकेका झाडाखाली उभा राहून हाताने चाचपत होता. आमच्या झाडांवर सगळंच काही चांगलं नव्हतं, पण कमिटीला दाखवण्यापुरतं होतं.

जातीचे पंच बांधाच्या पाळीवर, तलावाच्या काठच्या भरावावर, बसले. साहेबाने स्वतः काचेत पाहून निरोगी म्हटलेलं बी, सगळ्यात जुना हात, आणि तरी देव मेले. म्हणजे नेम मोडला. म्हाताऱ्याने मोडला असं कोणी म्हणालं नाही, तो रोज सगळ्यांच्या डोळ्यांपुढे झाडाखाली होता. मग घरात उरली कोण? तरुण, विधवा, दिवसभर एकटी. तिने कोणाला घरात घेतलं, एवढंच विचारायचं राहिलं होतं, आणि ते विचारायला सगळे पुढे होते. ती म्हणाली, मी काही केलं नाही. हे तर कोणीही म्हणतं, असं पंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा केंद्रावर आला. हातात पळसाचं पान, पानात मेलेली अळी. बाहेर मोहाच्या झाडाखाली दोन पंच आणि त्यांच्या मागे ती. नेम सुटला नव्हता म्हणून म्हातारा उंबऱ्याच्या आत आला नाही. पान त्याने उंबऱ्यावर ठेवलं.

"बाबू, मी काई मांगाले नाई आलो," तो म्हणाला. "पंच म्हनतेत, काचेत रोग दिसला तं पोरीचा दोष नाई. नाई दिसला तं तिनंच नेम मोडला. तुमी पाहा, अन् खरं तेवढं सांगा."

मला त्याचं आजही नवल वाटतं. मीठ सोडणारा, अळीला देव म्हणणारा तो माणूस, पण त्याला आपल्या देवाधर्माने काढलेला अर्थ पटत नव्हता. म्हणून तो माझ्याकडे, शास्त्राकडे, आला होता. सरकारने एवढा खर्च करून ती काच तिथे आणून ठेवली होती, आणि तीन वर्षांत एका माणसाने तिच्याकडे खरोखर काही मागितलं होतं.

मी अळी चेचली. थेंब काचपट्टीवर घेतला. डोळा नळीला लावला. इतके दाणे मी त्याआधी कधी पाहिले नव्हते, एकाला एक लागून, सगळी काच भरलेली. पोरसुद्धा ओळखू शकलं असतं. रोग आहे, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. पण साहेबाने निरोगी म्हणून लिहून ठेवलेल्या बियाण्यात रोग आला कुठून, हे साहेबाने परतल्यावर विचारलं असतंच, आणि त्याचं उत्तर दहा पावलांवर आमच्या झाडांवर होतं.

"रोग नाही," मी म्हणालो.

म्हातारा माझ्या तोंडाकडे पाहत नव्हता, नळीकडे पाहत होता. "आनखी एक डाव पाहा ना, बाबू."

मी पुन्हा डोळा लावला. मनात वीसपर्यंत आकडे मोजले. मग मान उचलून पंचांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की रोगाचा एकही दाणा नाही. ती मोहाखालून, खिडकीतून माझ्याकडे पाहत होती. रडली वगैरे नाही. मान तिरपी करून ऐकत होती, कोश ऐकायची तशीच.

त्याच दुपारी तिला गावाबाहेर काढलं. सून माहेरी निघाली की ओटी भरतात, तांदूळ, नारळ, हळदकुंकू. नेम मोडणारीचीही भरतात, मेलेल्या अळ्यांनी. मी हे ऐकून होतो, पाहिलं त्याच दिवशी. पाळीवर सगळं गाव जमलं होतं, बायका पोरांना काखेत घेऊन आल्या होत्या. घरच्या कर्त्याने आधी ओटी घालायची. म्हाताऱ्याच्या हातात टोपली दिली. त्याने ओंजळ भरली आणि तिने पसरलेल्या पदरात घालायला गेला, तर दिसत नसल्याने त्यातल्या काही खाली पडल्या. तो वाकून जमीन चाचपायला लागला. त्याला त्या सापडेनात. कोणी हसलं. मग तिनेच वाकून त्या उचलल्या आणि स्वतःच्या ओटीत घातल्या. त्या सापडल्या, ओटीत पडल्या, हे म्हाताऱ्याला कळावं म्हणून त्याचा हात हातात घेऊन तो आपल्या पदराला लावला. मग बायका पुढे झाल्या. टोपली रिकामी होईपर्यंत सगळ्यांनी हात घातला. ती पाळीवरून चालत गेली, पदर तसाच धरून. मी पडवीत उभा होतो, माझं तिथे काही काम नव्हतं.

उरलेल्या मेलेल्या अळ्या मी गोळा करून जाळल्या. रोगाचा प्रसार होऊ नये म्हणून, असं वहीत लिहिलं. साहेब परत आला तेव्हा हाडांचा सापळा झाला होता. त्याने म्हाताऱ्याच्या झाडांकडे बराच वेळ पाहिलं आणि नमुने मागितले. मी म्हटलं, जाळले, पण आधी तपासले, रोग नव्हता, उष्णतेने मेल्या असाव्यात. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. का ठेवू नये? तीन वर्षं त्यानेच मला शिकवलं होतं. सरकारला लिहिलेल्या पत्राचा मसुदा त्याने टेबलाच्या खणातून काढला, तिच्याबद्दलचा परिच्छेद खोडला आणि म्हणाला, कानावर विसंबणं धोक्याचंच होतं. ती कुठे आहे, असं त्याने विचारलं. माहेरी गेली, मी सांगितलं. ते खरंच होतं.

कमिटी आली. तलावातले मासे, नवा भात, दही, असं जेवण झालं. कमिटीत गोंदियाचा एक व्यापारी होता, त्याने दोन्हीकडची झाडं पाहिली आणि म्हणाला, "लड़का होशियार है।" बाकीच्यांनी तेच इंग्रजीत लिहिलं. अनुदान पुढे चाललं. मला इटलीचं पत्र आलं त्या दिवशी मुर्रीत पेढे वाटले.

तिथल्या शाळेत पहिल्याच दिवशी आमच्यापुढे सूक्ष्मदर्शक ठेवला आणि प्रत्येकाला विचारलं, यात काय दिसतं? बाकीची पोरं अंदाज करत होती. मी डोळा लावला आणि लगेच सांगितलं. प्राध्यापकाने माझ्या पाठीवर थाप मारली. हिंदुस्थानातून आलेला मुलगा इतक्या चटकन रोग ओळखतो, याचं सगळ्यांना फार कौतुक वाटलं.

म्हाताऱ्याने पुन्हा नेम धरला नाही. मी परत आलो तेव्हा कळलं, तो नंतर वर्षभर नुसता मीठ-भात खात होता, कोणी विचारलं तर म्हणायचा, आता कोनासाठी सोडू. मेला तेव्हा त्याच्या बियाण्याचा एक कोशही गावात नव्हता. लढाई सुरू झाली, केंद्र बंद पडलं, काच कुठल्याशा लष्करी इस्पितळात गेली. मी मात्र बंद पडलो नाही. इटलीचा शिक्का असलेला माणूस म्हणून मी या खात्यातून त्या खात्यात वर चढत गेलो.

स्वराज्य आलं त्या साली आपल्या सरकारने कोशाचं काम नव्याने काढलं. या वेळी हुकूम असा होता की जाणती माणसं जंगलातल्या गावांतूनच शोधायची, त्यांना पगार आणि राहायला खोली द्यायची, आणि त्यांच्याकडून पोरांना शिकवून घ्यायचं. माझ्या साहेबाने बारा वर्षांपूर्वी जे लिहून खोडलं होतं तेच. निवडीचा प्रमुख मी. सडक अर्जुनीच्या शाळेच्या पडवीत आम्ही तिघे खुर्च्या टाकून बसलो. माझ्या डाव्या हाताला एक म्हातारा कारकून, उजव्या हाताला नुकताच बीएस्सी झालेला एक तरुण अधिकारी. समोर टोपलीभर कोश, चांगले-वाईट मिसळलेले. एकेकाने येऊन निवडून दाखवायचे.

दुपारपर्यंत कोणालाच धड जमलं नव्हतं. मग एक बाई आली, केस पांढरे व्हायला लागलेले, पायांत काही नाही. चेहरा मी ओळखला नाही. तिने कोश कानाशी नेला आणि मान तिरपी केली, तेव्हा ओळखलं. माझ्या हातातला टाक थांबला. तिने मला आधीच ओळखलं असावं, कारण निवडता निवडताच, वर न पाहता, ती बोलली.

"साहेब, नोकरी मले पाहिजे. भावाच्या घरी किती दिस राहू? पन आधी एक विचारू काय?"

विचार, म्हटलं.

"त्या साली मामाजीनं देव पानात घालून आनला होता. काचेत खरंच काई नोतं काय?" तिचे हात चालूच होते. "नेमात एक डाव सपनात मालक आले होते. मी उठली नाई, तसीच पडून राहिली. बारा सालं मी तेच धरून बसली. काचेत रोग होता म्हनान, तं आजपासून बियाले हात लावतो. नसन, तं नाई लावत. दुसऱ्याचे देव कायले मारू?"

तिला बारा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं की तिची चूक नाही, म्हणून तिने स्वतःच चूक शोधून काढली होती. मेलेल्या नवऱ्याचं एक स्वप्न. आणि माझ्याजवळ ते एका शब्दात पुसून टाकण्याची सोय होती. होता, एवढंच म्हणायचं. पण उजवीकडचा पोरगा वही उघडून ऐकत होता. तेव्हा नव्हता म्हणालात आणि आता होता कसा, हे त्याने विचारलं असतं. पुढल्या महिन्यात मला बढती होती. मी एवढा भित्रा आणि एवढा नीच आहे, हे मला त्या दिवशी नव्याने कळलं असं नाही.

"काही नव्हतं," मी म्हणालो.

तिने मान हलवली. "मंग तेच."

हातातला कोश तिने तरी कानाशी धरला, हलवला, उजवीकडे ठेवला. टोपलीत उरलेले तेवढे निवडून संपवले. हात पदराला पुसले, आम्हा तिघांना नमस्कार केला आणि पडवीच्या पायऱ्या उतरून गेली. तरुण अधिकारी म्हणाला, ही जाते का? हिला तर घ्यायला हवं. मी म्हटलं, अंधश्रद्धेने पोखरलेली माणसं आहेत ही, म्हणून तर सरकारने शास्त्रावर खर्च करायचा. त्याने ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

संध्याकाळच्या आत आम्ही तिने लावलेले दोन्ही ढीग काचेखाली तपासले. एकही चूक नव्हती. त्या गावासमोरच्या रकान्यात मी लिहिलं, योग्य उमेदवार मिळाला नाही, आणि खाली सही केली.